बोटातल्या गाठीत हाड दिसतंय, आता काय?

वाचकाचं पत्र

डॉक्टर, माझं वय ३१. दीड-दोन महिन्यांपूर्वी उजव्या हाताची अनामिका दारात चेंगरली. दोन-तीन दिवसांत दुखणं ओसरलं, म्हणून लक्ष दिलं नाही. पुढे दहा-बारा दिवसांनी बोटाचा मुळाकडचा पेर सुजायला लागला. लाल, गरम, हात लावू देईना. जंतुसंसर्ग समजून प्रतिजैविकांचे दोन कोर्स झाले, काही फरक नाही. तेव्हाच्या एक्स-रेत काही नव्हतं. आता नव्या एक्स-रेत 'हाडाला न चिकटलेली, मांसातली, कॅल्शियम साचलेली गाठ' असं लिहून आलंय. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये 'आक्रमक स्वरूप, सार्कोमा नाकारता येत नाही' हे वाक्य आहे. सार्कोमा म्हणजे एक प्रकारचा कॅन्सर म्हणे. एक सर्जन म्हणतात गाठ काढून तपासू. दुसरे म्हणाले, वेळ आली तर बोट काढावं लागेल. घरचे म्हणतात, चाकू लागला की गाठ पसरते, हात लावू देऊ नकोस. मी कॅल्शियमच्या गोळ्या आणि दूध दोन्ही बंद केलंय. नवरा रोज रात्री बोटाला तेल लावून चोळून देतो. अंगठी अडकलीय ती निघत नाही. रात्र रात्र झोप लागत नाही. खरंच कॅन्सर असेल का?

उत्तर

ताई, आधी चोळणं बंद करा. आजपासूनच. नवऱ्याच्या हाताला दोष नाही, भावना चांगली आहे. पण अशा गाठीला मालीश, जोर लावून बोट ताणणं आणि शेक यांनी आराम पडत नाही, उलट ती आणखी चिडते. आणि ती अंगठी आधी काढून घ्या. हात थोडा वेळ वर धरा, बोटाच्या टोकाकडून अंगठीपर्यंत बारीक दोरा दाबून गुंडाळा, दोऱ्याचं मागचं टोक अंगठीखालून घ्या आणि ते उलगडत अंगठी पुढे सरकवा. दुखलं तर हट्ट करू नका. दवाखान्यात अंगठी कापायचं छोटं यंत्र असतं, दोन मिनिटांचं काम. अंगठी परत जोडून मिळते, रक्तपुरवठा अडलेल्या बोटाचं तसं नसतं.

आता कॅन्सरचं. पत्रावरून मी निदान करू शकत नाही आणि करणारही नाही. पण तुम्ही जे लिहिलंय, त्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट एका निरुपद्रवी आजाराकडे बोट दाखवते. तरुण वय, बोटाचा मुळाकडचा पेर, मार लागल्याचा इतिहास, काही आठवड्यांत आलेली लालसर दुखरी सूज, पहिला एक्स-रे कोरा आणि नंतरच्यात मांसातच हाड, तेही खालच्या हाडाला न चिकटलेलं. याचं पुस्तकी नाव लांबलचक आहे, फायब्रो-ऑसियस स्यूडोट्यूमर ऑफ डिजिट्स. ड्युप्री आणि एन्झिंजर यांनी १९८६ मध्ये बोटांच्या अशा गाठींचं वर्णन या नावाने केलं. मांडीच्या किंवा दंडाच्या स्नायूत मार लागल्यावर हाड तयार होतं त्याला मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणतात. बोटातली गाठ त्याचीच सख्खी बहीण. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या वर्गीकरणात तर दोघींना एकाच घरात बसवलंय.

मांसात हाड येतं कुठून, हा प्रश्न तुम्हाला पडला असेलच. आपल्या ऊतींमध्ये सर्वत्र अशा पेशी असतात ज्यांना अजून नेमकं काम नेमून दिलेलं नसतं. जखम भरताना त्या जाग्या होतात, वाढतात आणि बहुतेक वेळा साधा व्रण तयार करून थांबतात. क्वचित त्यांना हाड बनवायचे संकेत मिळतात आणि त्यांतल्या काही थेट हाड घडवणाऱ्या पेशी होतात. मार हे त्याचं एक कारण असू शकतं. पण अनेक रुग्णांना मार लागल्याचं आठवतही नाही, त्यामुळे 'त्या दिवशी दार नीट धरलं असतं तर' हा हिशेब मांडत बसू नका. अलीकडच्या अभ्यासांत या गाठींच्या पेशींमध्ये यूएसपी६ नावाच्या जनुकाची जागा बदललेली सापडते. बदल फक्त त्या गाठीपुरता असतो. तो आईवडिलांकडून आलेला नसतो, मुलांकडे जात नाही. ही माहिती पुढे तुमच्या कामी येणार आहे, कशी ते सांगतो.

पहिला एक्स-रे कोरा आला म्हणून त्या डॉक्टरांवर रागावू नका. गाठ सुरुवातीला नुसती मऊ असते. हाडाची पांढरी झाक एक्स-रेत दिसायला साधारण तीन ते सहा आठवडे लागतात, कडेला स्पष्ट कवच यायला आणखी काही आठवडे, आणि पुरती पक्व व्हायला सहा महिने ते वर्ष. त्यामुळे आधी काही नव्हतं आणि आता आहे, हा क्रम घाबरवणारा वाटला तरी या आजाराचा तो नेहमीचाच क्रम आहे. इतक्या झपाट्याने वाढून मग स्वतःहून थबकणं ही कॅन्सरची रीत नव्हे. एक्स-रे हातात घेतलात तर उजेडासमोर धरून एवढंच बघा: गाठीची पांढरट सावली आणि बोटाचं मूळ हाड यांच्यामध्ये एक बारीक काळी रेघ आहे का, आणि हाडाची स्वतःची कड सलग, न कुरतडलेली आहे का. तुमच्या रिपोर्टमधल्या 'हाडाला न चिकटलेली' या शब्दांचा अर्थ हाच आहे. त्याच रिपोर्टमधलं मला सगळ्यात आवडलेलं वाक्य ते, आणि तुम्ही ते ओलांडून पुढे 'सार्कोमा'वर जाऊन अडकलात.

एमआरआयचं तसं का झालं, तेही ऐका. या तपासणीत पाण्याचा अंश असलेली प्रत्येक गोष्ट उजळते. नवीन गाठीभोवती सूज प्रचंड असते, गाठीपेक्षाही लांब पसरलेली, म्हणून चित्र भयंकर दिसतं. वर कॅल्शियमची बारीक कड एमआरआयमध्ये नीट कळत नाही. ती सीटी स्कॅनमध्ये कळते. रेडिओलॉजिस्टपुढे दारात चेंगरलेलं बोट, पहिला कोरा एक्स-रे, आठवड्यांचा हिशेब यांतलं काही नसेल, तर 'नाकारता येत नाही' हे लिहिणं त्याला भागच आहे. त्या वाक्याचा अर्थ 'आहे' असा होत नाही. मी तुमच्या जागी असतो तर सर्जनना विचारलं असतं की हाताचा एक साधा सीटी करू या का. दुसरा एमआरआय मात्र टाळला असता.

पण खरी गडबड इथे होत नाही, ती पुढे होते, स्लाइडवर, म्हणजे गाठीचा पातळ काप ठेवून तपासतात त्या काचपट्टीवर. या उत्तरातलं एवढं एक जरी लक्षात ठेवलंत तरी पुरे.

गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की मधल्या भागात लांबट, टपोऱ्या पेशींची दाटी दिसते. त्या भराभर विभागत असतात. त्यांच्यामध्ये हाडाचा कच्चा, गुलाबी मसाला वेडावाकडा पसरलेला असतो. तेवढाच तुकडा बघितला तर हाडाच्या कॅन्सरचा, म्हणजे ऑस्टिओसार्कोमाचा, संशय अनुभवी माणसालाही येतो. बांधकाम चालू असलेल्या जागेचा मधलाच फोटो कोणी दाखवला तर इमारत उभी राहतेय की पाडली जातेय हे कळत नाही, तसं. कडेकडे सरकलं की चित्र बदलतं. कच्च्या हाडाच्या पट्ट्या दिसू लागतात, त्यांच्या कडेने हाड घडवणाऱ्या पेशी शिस्तीत एका ओळीत बसलेल्या, आणि अगदी बाहेर पक्व हाडाचं कवच. आत कच्चं, बाहेर पिकलेलं. हा थरांचा क्रम अ‍ॅकरमन यांनी १९५८ मध्ये ठसठशीतपणे मांडला आणि आजही पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे स्लाइड बघून निदान करणारे डॉक्टर, आधी तोच शोधतात. कॅन्सरमध्ये बहुधा उलटं असतं: पक्व हाड मध्ये, आणि बेशिस्त पेशी कडेने आजूबाजूच्या मांसात घुसत चाललेल्या. शिवाय कॅन्सरमध्ये पेशींची विभागणीच विकृत दिसते. इथे विभागणी भरपूर, पण सरळ.

अडचण अशी की बोटाच्या गाठींमध्ये हे थर मांडीच्या गाठीइतके नीटनेटके नसतात. बोटात जागाच किती! थर एकमेकांत मिसळतात. त्यात सुईने घेतलेला नखाएवढा तुकडा असेल, तर कड त्यात आलीच नाही असंही होतं. म्हणून अशा गाठीचं निदान स्लाइड एकटी करत नाही. स्लाइड, दोन्ही एक्स-रे, सीटी किंवा एमआरआय, आणि कोणत्या तारखेला काय झालं याचा एक कागद, हे सगळं एकाच माणसाच्या टेबलावर एकाच वेळी असायला हवं. गाठ काढायला जाल त्या दिवशी हे सगळं सर्जनकडे द्या आणि नमुन्यासोबत पॅथॉलॉजिस्टकडे पाठवायला सांगा. कागदावर बोट चेंगरल्याची तारीख, सूज दिसली ती तारीख आणि दोन्ही एक्स-रेंच्या तारखा स्वच्छ लिहा. पॅथॉलॉजिस्टला रुग्ण दिसत नसतो. त्याला तुमचं बोट आणि त्याचा इतिहास दाखवायचं काम या एका कागदाचं.

प्रयोगशाळेबद्दल दोन बारीक गोष्टी, कारण त्या कोणी आधी सांगत नाही. हाड असलेला नमुना कापण्याआधी त्यातलं कॅल्शियम विरघळवावं लागतं, त्यामुळे रिपोर्टला नेहमीपेक्षा जास्त दिवस लागतात. उशीर म्हणजे वाईट बातमी असं समजून फोनवर फोन करू नका. दुसरं असं की हे विरघळवणं तीव्र आम्लात केलं तर जनुकांची तपासणी पुढे नीट होत नाही. वर सांगितलेली यूएसपी६ ची तपासणी, जिला फिश टेस्ट म्हणतात, शंका उरली तर फार उपयोगी पडते, कारण तो बदल सापडला की पारडं निरुपद्रवी आजाराकडे झुकतं. म्हणून सर्जनना एवढंच म्हणा, 'नमुन्याचा मऊ भाग आम्लात न घालता वेगळा ठेवायला सांगाल का?' प्रश्न ऐकून ते क्षणभर तुमच्याकडे बघतील. बघू द्या.

बोट काढण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. पक्क्या निदानाशिवाय, म्हणजे पूर्ण प्रक्रिया केलेल्या स्लाइडवर, चित्रांसोबत वाचलेल्या आणि शक्यतो हाडांच्या गाठी नेहमी बघणाऱ्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टने दुजोरा दिलेल्या निदानाशिवाय, बोट काढायला संमती देऊ नका. या आजाराला कॅन्सर समजून बोटं काढली गेल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. ऑपरेशन चालू असताना घाईने करतात त्या फ्रोझन सेक्शनवर तर असा निर्णय मुळीच घेऊ देऊ नका. मघाशी सांगितलेला बांधकामाचा घोटाळा तिथे सर्वाधिक होतो. संमतीपत्रावर 'गाठ काढणे' एवढंच लिहिलंय ना, हे सही करण्याआधी वाचा. मऊ ऊतींमधला ऑस्टिओसार्कोमा मुळातच दुर्मिळ, तो बहुधा पन्नाशी-साठीच्या आसपास आणि मांडीसारख्या खोल जागी येतो. बोटात तो अपवादानेच सापडतो. अपवाद असतो म्हणून तपासायचं; अपवाद गृहीत धरून कापायचं नाही.

घरच्यांच्या भीतीचं म्हणाल, तर चाकू लागल्याने निरुपद्रवी गाठीचा कॅन्सर होत नाही. न तपासता ठेवलेली गाठ मात्र तुमची झोप रोज खाईल. या भीतीला एका दुर्मिळ आजारापुरता आधार आहे, म्हणून त्याचाही निकाल लावू. फायब्रोडिस्प्लेसिया ऑसिफिकन्स प्रोग्रेसिव्हा नावाचा जन्मजात आजार आहे, ज्यात अंगभर स्नायूंचं हाड होत जातं आणि बायोप्सीने, ऑपरेशनने तो खरोखर भडकतो. त्याला कारणीभूत असलेलं एसीव्हीआर१ जनुक २००६ मध्ये सापडलं. हा आजार साधारण दहा-वीस लाखांत एकाला होतो, लहानपणीच दिसू लागतो, आणि त्याची खूण पायावर असते: दोन्ही पायांचे अंगठे जन्मतःच आखूड आणि बाकीच्या बोटांकडे वळलेले. तुमचे पायाचे अंगठे जन्मापासून सरळ असतील आणि वयाच्या ३१ व्या वर्षापर्यंत अंगात कुठे अशी गाठ आली नसेल, तर हा विषय तुमच्यापुरता संपला.

कॅल्शियम आणि दूध पुन्हा सुरू करा. ही गाठ खाण्यातल्या कॅल्शियममुळे होत नाही आणि ते थांबवल्याने विरघळत नाही. रक्तातलं कॅल्शियम शरीर काटेकोर सांभाळतं. तुम्ही तोडलंत तर ते तुमच्याच सांगाड्यातून काढून घेईल. हवं तर रक्तातलं कॅल्शियम, फॉस्फरस आणि युरिक अ‍ॅसिड एकदा तपासून घ्या, म्हणजे गाऊटसारखी वेगळी कारणं बाजूला पडतील.

आता थांबायचं की काढायचं? गाठ पक्व झालेली असती, कडेला सलग कवच, दुखणं नाही, बोट पुरतं वळतंय, तर मी तीन-चार आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढून वाट बघा म्हटलं असतं. अशा गाठी कधी कधी आपोआप लहानही होतात. तुमची गाठ दुखते, रिपोर्टने शंका घातली आहे आणि तुमची झोप गेली आहे. अशा वेळी काढून तपासणं बरं, आणि बोटात सुईने तुकडा घेण्यापेक्षा गाठ अखंड काढणं चांगलं, म्हणजे कड आणि मध्य दोन्ही पॅथॉलॉजिस्टला मिळतात. मायोसायटिसमध्ये 'पिकू दे, मग काढू' असा जुना सल्ला आहे, कारण कच्ची काढली तर परत येते म्हणतात. पण बोटाच्या गाठी पूर्ण काढल्या की सहसा परत येत नाहीत, आणि निदानाची शंका असताना महिनोन्‌महिने थांबण्यात अर्थ नाही.

ऑपरेशन हाताचं काम नेहमी करणाऱ्या सर्जनकडूनच करून घ्या. गाठ लहान असली तरी बोटाच्या दोन्ही बाजूंनी संवेदनेच्या नसा आणि रक्तवाहिन्या अगदी जवळून जातात. त्या आधी ओळखून बाजूला घ्याव्या लागतात. बहुतेक वेळा फक्त हात बधिर करून, दंडाला पट्टा बांधून रक्त थांबवून हे काम होतं. टाके दहा ते चौदा दिवसांनी. बोटाचं टोक एका बाजूने काही आठवडे बधिर राहू शकतं, ते आधी विचारून ठेवा म्हणजे नंतर घाबरगुंडी होणार नाही.

रिपोर्टमध्ये एक वेगळं नाव आलं तर त्याचीही ओळख असू द्या. गाठ हाडाच्या पृष्ठभागावर बसलेली निघाली तर ती नोरा नावाच्या डॉक्टरांनी १९८३ मध्ये वर्णन केलेली गाठ असू शकते. तीही कॅन्सर नव्हे. पण ती परत येण्याचं प्रमाण मोठं, निम्म्याच्या आसपास, त्यामुळे तिच्यासाठी पुढे जास्त लक्ष ठेवावं लागतं. नखाखाली येणारा हाडाचा उंचवटा हा आणखी निराळा प्रकार, तुमच्या पेराशी त्याचा संबंध नाही.

एका परिस्थितीत मात्र हे सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठा. पूर्ण बोट सुजून अर्धवट वाकलेलं राहिलं, कोणी ते हलकेच सरळ केलं तरी कळ उठली, बोटाच्या तळहाताकडच्या बाजूने मुळापर्यंत दाबल्यावर दुखलं, ताप आला किंवा हातावर लाल रेघ चढू लागली, तर तो स्नायूबंधाच्या नळीतला पू असू शकतो. त्याला काही तासांत ऑपरेशन लागतं. मघापासून ज्या गाठीबद्दल बोलतोय तिचं आणि याचं सुरुवातीचं चित्र सारखंच दिसतं, म्हणून तुमच्या डॉक्टरांनी आधी प्रतिजैविकं दिली ते योग्यच केलं.

ऑपरेशननंतर सर्जन सांगतील त्या दिवसापासून बोट हलवायला सुरुवात करा, बहुधा ते पहिल्याच आठवड्यात असतं. हलवायचं म्हणजे स्वतःच्या ताकदीने मूठ मिटायची आणि उघडायची, हळू, दिवसातून पाच-सहा वेळा. दुसऱ्या हाताने ओढून नाही, आणि कोणी चोळूनही नाही. बोटं ऑपरेशनपेक्षा न हलवल्याने जास्त आखडतात. लिहिणं, टाइप करणं टाके निघेपर्यंत जमेल तेवढंच. जड उचलणं महिनाभर टाळा. मग तीन महिन्यांनी एक एक्स-रे आणि वर्षाच्या शेवटी आणखी एक. मध्ये त्याच जागी टणकपणा पुन्हा वाढतोय असं वाटलं तर तारखेची वाट न बघता दाखवा, आणि जाताना जुन्या स्लाइड्स मागून सोबत न्या. मागितल्या की प्रयोगशाळा त्या सहसा देते.